पहिलं आर्टबुक घेताना

'डार्क सोल्स' या २०११ सालच्या जपानी गेममध्ये अर्धा कुजलेला एक ड्रॅगन आहे. खेळताना आपण त्याच्यापासून जीव वाचवत पळतो, त्याच्याकडे नीट बघायची सवड कुणाला असते? या गेमचं 'डिझाइन वर्क्स' नावाचं आर्टबुक, म्हणजे गेम बनवताना काढलेल्या चित्रांचं पुस्तक, आहे. त्यातल्या मुलाखतीत दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी या ड्रॅगनची गोष्ट सांगतात. चित्रकाराने आधी त्याच्या अंगभर किड्यांची वळवळ काढून आणली होती, ती त्यांनी परत पाठवली. एके काळच्या दिमाखदार प्राण्याला आता नुसतं झिजत राहायचंय, कदाचित कायमचं, त्याचं दुःख दिसू दे, असं त्यांचं मागणं होतं. हे वाचलं आणि मी गेम पुन्हा लावून त्या ड्रॅगनसमोर नुसता उभा राहिलो. मेलो, ते सोडा.

गेमची आर्टबुकं कशासाठी घ्यायची, तर अशा एखाद्या पानासाठी. गेममध्ये दिसतं ते चित्रकारांच्या कामाचं शेवटचं टोक. त्याआधीची खाडाखोड, नाकारलेली डझनभर चित्रं, समासातली टिपणं हे सगळं गेममध्ये कुठेच सापडत नाही. चांगलं आर्टबुक ते दाखवतं आणि वाईट आर्टबुक चकचकीत पोस्टरं मोठी करून छापतं. दोघांची किंमत साधारण सारखीच असते, त्यामुळे घेण्याआधी थोडं शिकून घेतलेलं बरं.

पायरी १: कुठलं पुस्तक कशाचं, ते ओळखा

दुकानात आणि ऑनलाइन 'गेमचं पुस्तक' म्हणून तीन-चार वेगळ्या जातींची पुस्तकं एकाच रांगेत मांडलेली असतात.

पहिली जात म्हणजे खरं आर्टबुक. गेम बनवताना काढलेली पात्रं, जागा, शस्त्रं, कपडे, प्रसंगांची रेखाटनं असं सगळं त्यात येतं. जपानीत अशा पुस्तकांना 'सेत्तेई शिर्योशू' म्हणतात, म्हणजे आराखड्यांचा संग्रह. एका चित्रकाराच्या चित्रांचा संग्रह असेल तर 'गाशू'. हा फरक कामाचा आहे, कारण शिर्योशूमध्ये एकेका तलवारीची मूठ चार बाजूंनी काढलेली असते आणि गाशूमध्ये भिंतीवर लावावीत अशी पूर्ण चित्रं असतात. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी ठरवा.

दुसरी जात त्या जगाची माहिती देणाऱ्या पुस्तकांची. राजे, वंशावळी, नकाशे, इतिहास. यात चित्रं भरपूर असतात, पण ती मजकुराच्या सोबतीला आलेली. 'सायबरपंक २०७७' गेमबरोबर आलेलं 'द वर्ल्ड ऑफ सायबरपंक २०७७' हे असं पुस्तक आहे. कधी दोन्ही जाती एकत्र येतात. झेल्डा मालिकेच्या पंचविशीनिमित्त २०११मध्ये जपानात आलेलं आणि २०१३मध्ये डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशकाने इंग्रजीत आणलेलं 'हायरुल हिस्टोरिया' घ्या. त्यात रेखाटनं आहेत, आणि मालिकेतल्या गेमांचा काळक्रमही आहे. कुठला गेम आधी आणि कुठला नंतर, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडत होते, त्याचा अधिकृत तक्ता या पुस्तकात छापला गेला. (भांडणं थांबली नाहीत. तक्त्यावरून नवी सुरू झाली.)

तिसरी जात गेम कसा जिंकायचा ते सांगणाऱ्या गाइडची. इंटरनेटमुळे ती जवळपास संपली, पण जुन्या बाजारात आर्टबुक म्हणून गळ्यात मारली जाते.

चौथी जात आठवणींच्या पुस्तकांची. म्हणजे एखादं जुनं यंत्र किंवा जुना काळ घेऊन त्यातली चित्रं एकत्र केलेली. ब्रिटनमधलं बिटमॅप बुक्स हे काम मन लावून करतं. ठिपक्याठिपक्यांची चित्रं छापायला सोपी वाटतात, पण प्रत्येक ठिपक्याची कड स्वच्छ आली नाही तर सगळा लगदा होतो. यांच्या पुस्तकांत ती कड येते.

पायरी २: पहिलं पुस्तक खेळून संपवलेल्या गेमचं घ्या

याला दोन कारणं. एक तर आर्टबुक गेमचा शेवट बिनदिक्कत फोडतं. शेवटचा शत्रू, कोण मरतो, कोण उलटतो, सगळं पानभर चित्रात. दुसरं कारण मोठं आहे. तुम्ही ज्या जिन्यावरून शंभरदा चढलात, त्या जिन्याचं पहिलं पेन्सिल रेखाटन समोर आलं की हात थांबतो. न खेळलेल्या गेमचं आर्टबुक म्हणजे ओळख नसलेल्या घरातला लग्नाचा अल्बम. चित्रं सुंदर असतील, पण चार पानांनंतर आपण पानं भराभर उलटायला लागतो.

अपवाद आहेत. चित्रांची पद्धतच इतकी वेगळी असेल की ती बघण्यासाठीच पुस्तक घ्यावं, तर खुशाल घ्या. तीन उदाहरणं सांगतो.

'कपहेड' (२०१७) हा गेम १९३०च्या दशकातल्या अमेरिकी कार्टूनपटांसारखा दिसतो, कारण तो तसाच बनवलाय. पात्रांची प्रत्येक हालचाल कागदावर पेन्सिलीने काढली, शाईने गिरवली, मग स्कॅन करून संगणकावर रंगवली. पार्श्वभूमीची चित्रं जलरंगातली. 'द आर्ट ऑफ कपहेड' २०२०मध्ये आलं, आणि त्यातल्या पेन्सिलीच्या रेषा हेच त्याचं खरं सोनं.

'ओकामी' (२००६) आधी वास्तववादी त्रिमितीत बनत होता. प्लेस्टेशन २ या गेमयंत्राला तो भार पेलेना, तेव्हा बनवणाऱ्यांनी वाट बदलली आणि शाई-कुंचल्याच्या जपानी चित्रांसारखं सगळं जग काढलं. गेममध्ये खेळणाऱ्याच्या हातातही कुंचलाच असतो. या गेमचं आर्टबुक कॅनडाच्या उडॉन या प्रकाशकाने इंग्रजीत आणलं. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात लांडग्याची पाठ कशी येते, हे बघायला गेम खेळलेला असण्याची गरज नाही.

तिसरे योशिताका अमानो. १९८७च्या पहिल्या 'फायनल फँटसी'पासून ते त्या मालिकेची चित्रं काढत आलेत. वाऱ्यावर विस्कटलेले केस, पारदर्शक वस्त्रं, कागदावर ओघळू दिलेला रंग अशी त्यांची शैली. आणि त्या वेळच्या पडद्यावर त्यांचा योद्धा किती दिसायचा? बोटाच्या पेराएवढा, मोजक्या ठिपक्यांचा. खेळणाऱ्या पोराने पुस्तिकेतलं अमानोंचं चित्र बघायचं आणि ते मनातल्या मनात त्या ठिपक्यांवर चढवायचं, असा तो मामला होता. त्यांची फायनल फँटसीची चित्रं 'द स्काय' नावाच्या तीन खंडांच्या संचात मिळतात.

जुन्या गेमांची चित्रं इतकी का भावतात, त्याचं उत्तर याच फटीत आहे. अटारीच्या जुन्या गेमयंत्रावर दोन चौकोन एकमेकांवर गोळ्या झाडायचे, पण खोक्यावर क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकाराने रंगवलेलं धुरळ्यातलं युद्ध असायचं. मारिओची टोपी आणि मिशीसुद्धा अशाच अडचणीतून आली. १९८१मध्ये इतक्या थोड्या ठिपक्यांत केस आणि तोंड काढणं अवघड होतं, म्हणून केसांवर टोपी बसली आणि नाकाखाली मिशी. कमी जागेत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ही चित्रकाराची जुनीच कसोटी. दीनानाथ दलाल किंवा मुळगावकरांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं कापून वहीला लावणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना मुखपृष्ठावर भाळणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागणार नाही.

पायरी ३: घेण्याआधी आतली पानं बघा

मुखपृष्ठावर जाऊ नका. यूट्यूबवर जवळपास प्रत्येक आर्टबुकाचं एकेक पान उलटून दाखवणारे व्हिडिओ असतात. आवाज बंद करा, वेग कमी करा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

चित्रांशेजारी मजकूर आहे का? चित्रकाराचं नाव आणि दोन ओळींचं टिपण असेल तर पुस्तकाची किंमत माझ्या लेखी दुप्पट. नुसती चित्रं असतील तर विचार करा. टिपणं तपशिलाची आहेत का, तेही बघा. 'आम्हाला इथे गूढ वातावरण हवं होतं' हे वाक्य प्रत्येक आर्टबुकात असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. 'खेळणाऱ्याला लांबून दिसावा म्हणून या मनोऱ्याची टोकं उंच केली' असं वाक्य सापडलं की समजा, लिहिणारा माणूस कामाचा आहे.

एका पानावर किती चित्रं आहेत? एका पानात वीस चेहरे कोंबले असतील तर ती टपाल तिकिटं झाली. उलट प्रत्येक चित्र दोन पानांवर पसरलं असेल, तर मधला भाग शिवणीत जातो. नायकाचं नाक नेमकं तिथेच येतं.

नाकारलेली चित्रं किती आहेत? आधी फक्त काळ्या सावल्यांसारख्या आकृत्या, मग रेखाटन, मग रंग, मग समोरून-बाजूने-मागून दाखवणारा तक्ता, हा क्रम कुठे तरी एकदा तरी दिसला पाहिजे. पूर्ण पुस्तकात फक्त शेवटची गुळगुळीत चित्रं असतील तर ती इंटरनेटवर फुकट मिळतात.

पायरी ४: आवृत्ती ठरवा

जपानी पुस्तक घ्यायचं की इंग्रजी? जपानी आवृत्ती बहुधा आधी येते, अनेकदा मऊ बांधणीची आणि हाताला हलकी असते, आणि पुष्कळदा तिला 'ओबी' म्हणजे कागदाचा पट्टा गुंडाळलेला असतो. तो फेकू नका, पुढे विकायची वेळ आली तर ओबीसह प्रतीला जास्त भाव येतो. काही जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे उघडतात. गाशू घेत असाल तर भाषेने फारसं अडत नाही. शिर्योशू घेत असाल तर टिपणं वाचता आली पाहिजेत, तेव्हा इंग्रजीची वाट बघा. डार्क हॉर्स, उडॉन आणि टायटन या तिघांकडे इंग्रजीतली बरीचशी गेम-आर्टबुकं आहेत.

एकच पुस्तक दोन भाषांत असेल तर ऑनलाइन यादीत गफलत होते. पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन बघा. ९७८-४ने सुरू होत असेल तर पुस्तक जपानातलं, ९७८-० किंवा ९७८-१ असेल तर इंग्रजी प्रकाशकाचं. शीर्षक इंग्रजीत छापलंय म्हणून आतला मजकूर इंग्रजीत असेलच असं नाही.

खास आवृत्ती, खोका, सोनेरी कडा वगैरे पहिल्या पुस्तकाला नको. आतली पानं बहुतेक वेळा तीच असतात.

पायरी ५: विकत घ्या, पण घाई नको

डार्क हॉर्सच्या बऱ्याच आर्टबुकांची छापील किंमत चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात असते. भारतात येईपर्यंत त्यात वाहतूक चढते, आणि आयात पुस्तकांवर २०१९च्या अर्थसंकल्पात पाच टक्के सीमाशुल्कही लागलं. ही पुस्तकं जड असतात, त्यामुळे परदेशातून स्वतः मागवताना पोस्टेज पुस्तकाइतकं होऊ शकतं. भारतात साठा असलेल्या विक्रेत्याकडून घेणं बहुधा स्वस्त पडतं. अमेरिकेतून किंवा इंग्लंडहून कुणी नातेवाईक येणार असेल तर सांगून बघा, पण पुस्तकाचं वजन आधी सांगा. दोन किलोचं पुस्तक म्हटल्यावर चुलतभावाचा आवाज बदलतो, हा स्वानुभव.

छपाई संपली की भाव चढतात, मग काही महिन्यांनी नवी छपाई येते आणि उतरतात. 'आता मिळणारच नाही' म्हणून तिप्पट किमतीला घेऊ नका. आधी प्रकाशकाच्या साइटवर पुनर्मुद्रणाची खबर आहे का ते बघा.

नकली प्रतींपासून सावध राहा. लोकप्रिय पुस्तकं स्कॅन करून छापली जातात. स्कॅनवरून छापलेलं असेल तर बारीक अक्षरांच्या कडा धुरकट दिसतात, सपाट रंगात जाळीसारखी नक्षी उमटते, काळा रंग करडा पडतो. मी एकदा एका विक्रेत्याकडून असं पुस्तक घेतलं होतं. निम्म्या किमतीत मिळालं म्हणून खूश होतो, पण अंधाऱ्या गुहेची आठ पानं नुसती राखाडी होती. गुहाच दिसेना.

जुन्या पुस्तकांसाठी मुंबईत हुतात्मा चौकाजवळचा पदपथ आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर पालथा घालायला हरकत नाही. हमखास मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका.

डिजिटल आर्टबुकं स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर गेमसोबत किंवा थोड्या पैशांत मिळतात. सवय आवडते का, ते तपासायला उत्तम. चित्र मोठं करून बघता येतं, हा त्यांचा फायदा. पण माझा अनुभव असा की ती एकदा उघडली जातात, दुसऱ्यांदा नाही.

पायरी ६: खोकं आलं की

उघडतानाचा व्हिडिओ काढा. कोपरे दुमडलेत का, पाठ सुटलीय का, पानं उलटसुलट बांधली गेलीत का, हे त्याच दिवशी तपासा, कारण परतीची मुदत थोडी असते.

जाड बांधणीचं नवं पुस्तक मधोमध फाडकन उघडू नका. पाठ टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढून दहा-बारा पानं आणि मागून दहा-बारा पानं आलटून पालटून हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुस्तक पुढची वीस वर्षं सपाट उघडतं. पानं दोऱ्याने शिवलेली आहेत की नुसती डिंकाने चिकटवलेली, ते पाठीकडून वरून बघितलं की कळतं. शिवलेल्यात पानांच्या छोट्या छोट्या जुड्या दिसतात.

रंग पडद्यावरच्यापेक्षा मंद वाटले तर लगेच खराब छपाई म्हणून ओरडू नका. पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो आणि छपाई चार शाया मिसळून. झगझगीत हिरवा आणि विजेसारखा निळा त्या चार शायांना जमतच नाही. ट्यूबलाइटऐवजी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा, बराच फरक पडतो.

पायरी ७: वाचायचं कसं

एका बैठकीत संपवू नका, हा एकच नियम मी कडक पाळतो. रोज चार पानं, फार तर सहा.

पहिल्यांदा टिपणं न वाचता चित्र बघा आणि स्वतःला विचारा, यातलं गेममध्ये काय राहिलं आणि काय गेलं. मग टिपण वाचा. अंदाज चुकला तर जास्त मजा येते. मेटल गियर मालिकेचे योजी शिनकावा ब्रशपेनने काढतात. त्यांच्या यंत्रमानवांत चार फटकारे असे असतात की जवळून बघितलं तर नुसते डाग, हात लांब केला की पोलाद. हे मला तिसऱ्या वेळी दिसलं.

चित्र काढता येत असेल तर शेजारी वही ठेवा आणि चित्राची सावली तेवढी उतरवा, आतले तपशील न काढता. पात्र नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू आलं पाहिजे, हा या धंद्यातला पहिला धडा, आणि तो हाताने गिरवल्याशिवाय पटत नाही. चित्र येत नसलं तरी करून बघा. कुणी तपासणार नाही.

आणि एक उलटा अभ्यास. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' काढला. त्याच्या जगावर पहाडी लघुचित्रांची छाप आहे आणि कथेचे तुकडे छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दिसतात. आधी संग्रहालयात जाऊन खरी लघुचित्रं बघा, मग गेम लावा आणि कुठली रेष कुठून आली ते शोधा. दोन-चार जागा सापडल्या की आपलं आपणच एक आर्टबुक डोक्यात तयार व्हायला लागतं.

पायरी ८: पावसाळा

परदेशी मार्गदर्शकांमध्ये हा भाग नसतो आणि आपल्याकडे हाच सगळ्यात महत्त्वाचा.

आर्टबुकाचा गुळगुळीत कागद म्हणजे कागदावर पांढऱ्या मातीचा लेप. हा लेप भिजला आणि तसाच वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग उपटून येतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात एका जुलैत खिडकीखालच्या फळीवर पाणी झिरपलं. साध्या कागदाच्या कादंबऱ्या फुगल्या, पण वाचल्या. आर्टबुकाची मात्र शेवटची चाळीस पानं वीट झाली. त्यामुळे ही पुस्तकं बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. पान भिजलंच तर वाळायच्या आत प्रत्येक दोन पानांमध्ये साधा कोरा कागद घाला, पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. डांबरगोळ्या ठेवल्या तर वास पानांत मुरतो, मी बंद केल्या. कसर आणि बुरशी दूर ठेवायला माझा उपाय एकच, पुस्तक उघडत राहणं. आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तक काढून पंख्याच्या वाऱ्यात पानं फडफडवली की बुरशीला जम बसवता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही.

फळी घेताना उंची मोजा. यातली बरीच पुस्तकं बारा इंच उंच असतात आणि नेहमीच्या फळीत मावत नाहीत. आडवी ठेवायची झाली तर तीनपेक्षा जास्त एकावर एक नको, खालच्याची पाठ वाकते.

राहता राहिला उसनं द्यायचा प्रश्न. मी देत नाही. घरी बोलावतो, हात धुवायला सांगतो, आणि चहा पुस्तक मिटल्यावर आणतो.